जुन्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकावं की नाही?

देवगडकर: विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीपर्यंतचे इंटेलवाले लॅपटॉप, थोडे अपवाद सोडले तर, विंडोज ११ च्या यादीतच नाहीत. आपल्याकडे असे लॅपटॉप घरोघरी आहेत, मुंबईतल्या कोणीतरी वापरून गावी पाठवलेले, चांगले चालणारे. माझं म्हणणं सरळ आहे, ते भंगारात घालू नका आणि विंडोज पुसूही नका, शेजारी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टम, टाका. नेट, बँक, पोरांचा अभ्यास लिनक्सवर, आणि आंब्याच्या बिलांचं टॅली नाहीतर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली असतील तेवढ्यापुरतं विंडोज, तेही नेट बंद ठेवून.

चिपळूणचा रिपेरवाला: नाही पटत भाऊ. माझ्या दुकानात असे लॅपटॉप येतात आणि सोबत रडवेला चेहरा पण येतो. लोक बॅकअप न घेता इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, ओढून लहानमोठे करतात, पावसात मधेच लाईट जाते, जुनी बॅटरी कधीच मेलेली असते, काम अर्धवट राहतं आणि लग्नाचे फोटो जातात. बरं, नीट बसलं तरी ऑगस्ट २०२४ आठवा, विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनंतर सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टमची सही तपासणारी सोय) चालू असलेल्या कितीतरी मशीनवर लिनक्स सुरूच होईना. ड्युअल बूटवाल्यांना, म्हणजे एका मशीनवर दोन सिस्टम ठेवणाऱ्यांना, तो अपडेट लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी झाला! एका मशीनवर एकच सिस्टम, मी तरी गिऱ्हाइकाला हेच सांगतो.

देवगडकर: फोटो गेले ते बॅकअप नव्हता म्हणून, नुसती विंडोज परत टाकताना पण जातात की. जागा आधी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करायची, लिनक्स त्या रिकाम्या जागेत टाकायचं, मग इन्स्टॉलरला विंडोजचं पार्टिशन हलवावंच लागत नाही. बॅटरी मेली असेल तर इन्व्हर्टर असलेल्या शेजाऱ्याकडे बसा. आणि तुमचा एक-सिस्टमवाला हिशोब मान्य केला तर टॅलीवाल्याने काय नवीन लॅपटॉपच घ्यायचा?

मालवणातसून: माका दोघांचाय पटाक नाय. एकाच डिस्कचे दोन तुकडे करायचेच कशाला? जुन्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असते, ती काढून तिथे कॅडी, म्हणजे त्याच खाचेत डिस्क बसवायची चौकट, बसवा, त्यात विंडोजवाली जुनी डिस्क, आणि मूळ जागी लिनक्ससाठी एसएसडी. फक्त लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवा, नाहीतर इन्स्टॉलर कधीकधी आपला बूटलोडर (सिस्टम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) तिच्यावरच नेऊन ठेवतो आणि पुढे ती डिस्क बिघडली की दोन्ही बसले. चालू करताना बूट मेन्यूची की दाबायची, हवी ती डिस्क निवडायची.

दापोलीच्या बाई: देवगडकर, तुमच्या सल्ल्यात एक अडचण राहून गेली. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ धरून चालतं, म्हणजे लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. नेट असेल तर ते सुधारता येतं, तुम्ही तर नेटच बंद ठेवायला सांगताय. लिनक्सला लोकल टाइम वापरायला लावा, एका कमांडचं काम आहे. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शट डाउन करूनसुद्धा विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. एवढं केलंत तर मी तुमच्या बाजूने आहे, मुलांना दोन्ही हाताळता आलं पाहिजे.

चिपळूणचा रिपेरवाला: दोन डिस्कवालं मालवणचं म्हणणं मला चालेल. एका डिस्कवर मात्र नाही. आणि कोणी विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर हे करणार असेल तर आधी डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का बघा, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती मागू शकतं, आणि नसेल तर आमच्या दुकानात आणून पण डेटा निघत नाही.