मुरघासाचा मका आत्ता कापू की थांबू?

नमस्कार मंडळी, जरा तातडीची मदत हवी आहे. संगमनेर तालुका, दावणीला संकरित गाई. दीड एकर आफ्रिकन टॉल जातीचा मका मुरघासासाठी (कुट्टी करून बॅगेत हवाबंद दाबून मुरवायचा चारा) केलाय, अडीच महिन्यांचा झाला. दाणा फोडला की दूध उडतं. कुट्टी मशीन परवा शेजारच्या शिवारात येतंय. मशीनवाला म्हणतो, "हिरवा आहे तोवर उरका, वजन भरतं, पुढे नुसता चोथा." वडील म्हणतात थांब. मशीन एकदा गेलं की परत कधी मिळेल सांगता येत नाही. काय करू?

शिवाय बांधाकडेला महिन्याभराचं कडवळ (चाऱ्याची ज्वारी) आहे. पाण्याअभावी सुकलंय. चारा कमी पडतोय, तेवढं कापून घालू का?

प्रतिसाद १
दादा, वडिलांचं ऐका. वजन भरतं ते पाण्याचं. समजा आज 20 टन निघाला आणि त्यात कोरडा भाग 22 टक्के, तर खरा चारा 4.4 टन. पुढे 18 टनच भरला, पण कोरडा भाग 32 टक्के झाला, तर जवळपास 5.8 टन. दाण्यात पीठ भरतं ते याच दिवसांत, आणि मुरघासाची ताकद दाण्यातच. ओला भरला तर बॅगेखालून पाणी सुटतं, सत्त्व त्यातून जातं आणि घाण वास मारतो.

दिवस मोजू नका, दाणा बघा. कणीस मधोमध मोडा, दाण्यावर नख दाबत त्याच्या बाहेरच्या टोकाकडून कणसाला चिकटलेल्या बुडाकडे या. टोकाकडचा अर्धा भाग घट्ट आणि बुडाशी चीक लागला की कापा. कुट्टी मुठीत आवळून पाहा: पाणी ठिबकलं तर थांबा, गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. फार वाळवूही नका. बॅग नीट दाबली जात नाही, बुरशी धरते आणि शेणात अख्खे दाणे पडतात. मशीनवाला टनावर पैसे घेत असेल तर त्याची घाई समजू शकते :)

प्रतिसाद २
कडवळ अजिबात घालू नका! कोवळं, त्यात ताण बसलेलं, म्हणजे हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा. जनावर तासाभरातही जातं. पाणी द्या, निम्मं फुलोऱ्यात आलं की कापा.

धागाकर्ता
कडवळाला आजच पाणी सोडतो. मक्याचा दाणा टोकालाही अजून मऊच आहे, म्हणजे थांबणं आलं. संगमनेर-अकोले भागात आठवड्याभराने कुणाचं मशीन मोकळं असेल तर कळवा.