३६० चे 'अवयव' किती? ३, ६ की २४?

विचारणा: ३६० चे अवयव किती, याची तीन वेगळी उत्तरं मिळतात. बरोबर कोणतं? शिवाय भाजक आणि विभाजक एकच का?

उत्तर: एकच नव्हेत. २३ ला ५ ने भागलं तर ५ हा भाजक. पण बाकी ३ उरते, म्हणून तो २३ चा विभाजक नाही. बाकी शून्य आली तरच विभाजक, आणि शालेय गणितात त्यालाच अवयवही म्हणतात.

आता ३६० = २³ × ३² × ५. वेगवेगळे मूळ अवयव ३. पुन्हा आलेलेही मोजले तर ६. सगळे विभाजक हवे असतील तर प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं: ४ × ३ × २ = २४. १ मिळवायचा, कारण २ हा एकदाही न घेणं हाही एक पर्याय आहे. तो विसरून घातांकच गुणले तर ३ × २ × १ = ६, आणि बेरीजही ६! त्यामुळे ३६० वर ही गफलत पकडली जात नाही. ७२ घेऊन पाहा: बेरीज ५, गुणाकार ६, विभाजक १२.

थोडक्यात, नुसतं 'अवयव' म्हटलं तर २४. पण प्रश्न काढणाऱ्यानेच 'मूळ' किंवा 'सर्व' लिहावं हे बरं.

पुरवणी: 'सहमूळ' हे दोन संख्यांचं नातं आहे. ८ आणि १५ यांपैकी एकही मूळ नाही, तरी मसावि १ म्हणून सहमूळ. जोडमूळ निराळ्या: ११ आणि १३ सारख्या, फरक २ असलेल्या मूळ संख्या.

आणखी एक: 'मूळ आहे का?' आणि 'अवयव पाडा' हेही वेगळे प्रश्न. ९१ मूळ असती तर २⁹⁰ ला ९१ ने भागून बाकी १ आली असती. येते ६४. म्हणजे ९१ संयुक्त हे ठरलं, ७ आणि १३ न सापडताच! उलट बाजूने मात्र ही कसोटी फसवते: ३४१ = ११ × ३१, तरी २³⁴⁰ ची बाकी १ येते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी मूळपणाची न फसणारी, बहुपदी वेळात (म्हणजे अंक वाढले तरी वेळ अफाट न वाढता) चालणारी कसोटी दिली. अवयव पाडायला साध्या संगणकावर तशी रीत अजून माहीत नाही.

विचारणा: मग ८०५१ चे हातानं कसे पाडायचे?

उत्तर: वर्गमूळ ८९.७ च्या आसपास. २ पासून मूळ संख्यांनी भागत गेलात तर तेविसाव्या भागाकाराला ८३ सापडेल. फर्मा या गणितज्ञाची रीत इथे झटपट (वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून एकेक संख्या घ्यायची, तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करायची, पूर्ण वर्ग उरेपर्यंत): ९०² − ८०५१ = ४९ = ७², म्हणून (९० − ७)(९० + ७) = ८३ × ९७. अवयव एकमेकांजवळ असले तरच ती कामाची. ८०४९ = ३ × २६८३ वर हीच रीत ९० पासून थेट १३४३ पर्यंत पळवते, आणि साध्या भागाकारात दुसऱ्याच पायरीला ३ हाती येतो. तेव्हा आधी लहान मूळ संख्यांनी भागून घ्या, फर्मा नंतर.