प्रति: दुकानात माल किती भरावा?

वर सॉफ्टवेअर घ्यायचा सल्ला आलाय. घ्या की! पण मालवणात आमच्या दुकानात नुकसान झालं ते नवा माल पुढे आणि जुना मागे लावल्याने. मे महिन्यात गिऱ्हाइकांची झुंबड, बघतो कोण? जूनमध्ये मागचे डबे उघडले तर काजूगर मऊ, आंबापोळीला बुरशी. आता डब्यावर तारीख लिहितो, जुना पुढे ओढतो. आमसुलं मिठामुळे टिकतात, ती उन्हाळ्यातच वर्षाची भरतो.

बरण्या कोल्हापुरातून येतात, दोन दिवसांत. रोज 10 लागतात, म्हणजे 20 उरल्या की फोन करायचा. पावसाळ्यात मात्र 50 वरच करतो, कारण घाटात दरड आली की गाडी तिकडेच अडकते.