एअर कार्गोचा धोका अडवायचा कुठे, स्कॅनरपाशी की त्याच्या कितीतरी आधी?

सांगावा:

29 ऑक्टोबर 2010. येमेनची राजधानी साना इथून शिकागोला निघालेली दोन पार्सलं त्या दिवशी वाटेत पकडली गेली. एक दुबईत फेडएक्स या कुरिअर कंपनीच्या गोदामात, दुसरं इंग्लंडमध्ये ईस्ट मिडलंड्स विमानतळावर उतरलेल्या यूपीएस या कुरिअर कंपनीच्या विमानात. पत्ते शिकागोतल्या ज्यू प्रार्थनास्थळांचे. आत लेझर प्रिंटर, आणि प्रिंटरच्या टोनर कार्ट्रिजमध्ये पीईटीएन हे स्फोटक. दुबईच्या पार्सलात सुमारे 300 ग्रॅम, इंग्लंडच्या पार्सलात सुमारे 400.

कार्गो सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे "चांगली मशीन आणा, शंभर टक्के स्क्रीनिंग करा" यापुढे बोलणं जात नाही. म्हणून त्या दिवशी काय घडलं ते नीट पाहायला हवं. ईस्ट मिडलंड्सला पोलिसांनी नेमकं तेच पार्सल समोर ठेवून तपासलं, आणि पहिल्या तपासणीत काहीही सापडलं नाही. बॉम्ब कुठे आणि कसा लपवलाय हे दुबईहून कळल्यावर पुन्हा शोध घेतला, तेव्हा तो मिळाला. मुळात ही पार्सलं शोधा असं सांगितलं कोणी? सौदी गुप्तचर खात्याने, तेही ट्रॅकिंग नंबरसकट. दुबईचं पार्सल तर तोवर सानाहून दोहा आणि दोह्याहून दुबई असं दोन प्रवासी विमानांच्या पोटातून आलं होतं. वर माणसं बसली होती.

पार्सलं पाठवणाऱ्या अरबी द्वीपकल्पातल्या अल-कायदाने (अल-कायदाची येमेनमधली शाखा) पुढच्याच महिन्यात हिशेब जाहीर केला: फोन, प्रिंटर, पाठवणावळ धरून एकूण 4,200 डॉलर. विमान पडलं नाही तरी चालेल, समोरच्याला सुरक्षेवर अब्जावधी खर्च करायला लावायचे, हा त्यांचा डाव होता.

माझं म्हणणं असं: जिथे ही पार्सलं भरली जातात तिथली माणसं त्या वाटेला का लागतात, हा प्रश्न समाजशास्त्राच्या तासाला सोडून द्यायचा नाही. तो सुरक्षेचाच भाग आहे. 1990 साली इराकने कुवेत घेतलं तेव्हा येमेनने अमेरिकेची बाजू घेतली नाही, म्हणून सौदीने आठ लाखांच्या वर येमेनी कामगार परत पाठवले. घरोघरची मनीऑर्डर एका फटक्यात बंद. देशाचं एकीकरण होऊन वर्षही झालं नव्हतं, 1994 ला यादवी झाली. मग 17 डिसेंबर 2009 ला अब्यान प्रांतातल्या अल-मजला इथे अमेरिकन क्षेपणास्त्रं पडली. येमेनच्या संसदेच्या चौकशीत 41 नागरिक मेल्याचं निघालं, त्यात 14 बायका आणि 21 मुलं. हल्ला आमचाच, असं येमेन सरकार तेव्हा खोटं सांगत राहिलं. अशा जागी भरती करणाऱ्याला वेगळं भाषण करावं लागत नाही.

सहारचा_माणूस:

असहमत, आणि कळकळीने असहमत.

मी मुंबई विमानतळावर, सहारला, कार्गोत क्लिअरिंगचं काम करतो. एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या गाड्या रात्री रांगेने लागतात. लंडनची फ्लाइट पहाटेची, पेट्या हजारोंनी, आणि प्रत्येक पेटी स्क्रीनिंगमधून गेल्याशिवाय पॅलेटवर चढत नाही. एखाद्या पेटीवर ऑपरेटरने बोट ठेवलं की ती बाजूला, उघडायची, स्फोटकाचा अंश तपासायला स्वॅब घ्यायचा, पुन्हा पट्टी मारायची. मागे शिपरचा फोन वाजत असतो, माल गरम होत असतो. त्या मशीनसमोर बसलेल्या पोराला 1990 साली येमेनमध्ये काय झालं ते सांगून त्याचं काम रतीभर सोपं होणार आहे का?

2010 चा धडा तुम्ही वेगळा काढताय. अमेरिकेने 2007 सालीच कायदा केला होता की प्रवासी विमानातला माल ऑगस्ट 2010 पर्यंत शंभर टक्के तपासायचा. पण नुसत्या मालवाहू विमानांना ते बंधन नव्हतं, आणि परदेशातून येणाऱ्या मालाचं घोडं तर अडलेलंच होतं. भोक तिथे होतं. ते बुजवायला काय केलं? पाठवणारा कोण, घेणारा कोण, माल काय, वजन किती, ही माहिती पार्सल विमानात चढण्याच्या आधी अमेरिकेच्या कस्टम्सकडे गेली पाहिजे, असा उपक्रम डिसेंबर 2010 लाच प्रयोग म्हणून सुरू झाला आणि 2018 मध्ये सक्तीचा झाला. जरा विचार करा, सानाहून शिकागोला प्रिंटर कोण पाठवतं? शिकागोत प्रिंटर मिळत नाहीत? आमच्यातला कुठलाही जुना माणूस कागद बघूनच म्हणाला असता, "हे काय आहे?" हा प्रश्न विचारायची सोयच तेव्हा नव्हती.

आणि गरिबी-अन्यायाचं म्हणाल तर ज्याच्यावर हे बॉम्ब बनवल्याचा संशय होता तो इब्राहिम अल-असिरी सौदी लष्करातल्या माणसाचा मुलगा, रियाधच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेला. 2009 च्या नाताळात डेट्रॉइटच्या विमानात अंतर्वस्त्रात बॉम्ब घालून बसलेला उमर फारूक अब्दुलमुतल्लब नायजेरियातल्या बड्या बँकरचा मुलगा, लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकलेला. यातल्या कोणाच्या घरची मनीऑर्डर बंद झाली होती?

सांगावा:

गरीब असला की अतिरेकी होतो, असं मी म्हटलेलं नाही. असिरीचंच घ्या. इराकमध्ये लढायला निघाला म्हणून सौदीने त्याला तुरुंगात टाकलं, आणि राजघराण्याविरुद्ध आपलं मन तिथे फिरलं, असं त्याने स्वतःच नंतर सांगितलं होतं. येमेनमध्ये फेब्रुवारी 2006 ला सानाच्या तुरुंगातून 23 कैदी भुयार खणून पळाले. त्यातला नासिर अल-वुहैशी पुढे या संघटनेचा म्होरक्या झाला. बाँब बनवणारा डोकेबाज एखादाच असतो, आणि तो श्रीमंताघरचाही असेल. पण त्याला लपायला घर, जेवायला ताट, पार्सल काउंटरवर नेऊन द्यायला हात लागतात. ते सगळं येतं चिडलेल्या किंवा घाबरलेल्या गावातून.

आणि कागद बघून ओळखलं असतं म्हणता, पण 2010 ला ओळखलं ते फितूर माणसामुळे. येमेनी अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं की ही खबर जाबिर अल-फैफीकडून आली. हा सौदी माणूस अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात होता, सुटून सौदीच्या पुनर्वसन केंद्रात गेला, तिथून येमेनला पळून पुन्हा अल-कायदात शिरला, आणि 2010 मध्ये आपण होऊन सौदीच्या स्वाधीन झाला. परतायची वाट उघडी होती म्हणून तो परतला. त्या वाटेने दोन विमानं वाचवली.

अपर्णा_ठाणे:

अल-फैफीची गोष्ट सांगताय तर सईद अल-शिहरीचीही सांगायला हवी होती. तोही ग्वांतानामोतूनच 2007 ला सुटला, सौदीच्या त्याच पुनर्वसन कार्यक्रमातून बाहेर पडला, आणि 2009 च्या जानेवारीत व्हिडिओत दिसला तो याच संघटनेचा दोन नंबरचा नेता म्हणून. एका हाताने खबर आली, त्याच केंद्रातून दुसऱ्या हाताने नेता गेला. मग ही वाट उघडी ठेवायची किंमत कोणी मोजायची? ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही त्या प्रवाशांनी?

मुंबईत 26/11 ला 166 माणसं गेली. त्यानंतर कसाबच्या गावच्या गरिबीवर किती लिहिलं गेलं. पण त्या हल्ल्याआधी ताज आणि बाकीच्या जागा फिरून पाहणारा हेडली नामवंत रेडिओ प्रसारकाचा मुलगा होता. एकाच कटात एक गरीब, एक सुखवस्तू. दोघांना जोडणारी गोष्ट होती ती म्हणजे त्यांना शिकवणारी, पैसा पुरवणारी आणि पाठीशी घालणारी यंत्रणा. मुळाशी जायचंच असेल तर तिथे जा. माझा राग याचा आहे की "मूळ कारणं" म्हटलं की बोलणं हळूहळू मारणाऱ्याच्या दुःखावर येतं आणि मेलेल्यांची नावं मागे पडतात.

खाडीपार:

मी बरीच वर्षं दुबईत आहे, येमेनी सहकाऱ्यांबरोबर काम केलंय. अपर्णाताई, तुमचा राग समजतो. एक गोष्ट मात्र या चर्चेत यायलाच हवी.

पार्सलं सापडल्यावर सानात दुसऱ्याच दिवशी एका विद्यार्थिनीला अटक झाली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी, पार्सल पाठवताना तिचं नाव आणि फोन नंबर दिला होता. आईलाही उचललं. काउंटरवरच्या माणसाला ओळख पटवायला बोलावलं तर तो म्हणाला, ही ती नव्हेच. कोणीतरी तिची ओळख चोरली होती. तिच्यासाठी विद्यापीठातली मुलं रस्त्यावर आली आणि ती सुटली. नंतर ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, फ्रान्स सगळ्यांनी येमेनचा माल बंद केला, जर्मनीने तर प्रवासी विमानंही. अल-कायदाच्या 4,200 डॉलरांचं बिल पहिल्यांदा भरलं ते येमेनच्याच माणसांनी.

आपल्या लोकांना एडन माहीत असतं ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे, 1883 साली तिथल्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्या किनाऱ्यावरचं मुकल्ला बंदर मात्र बघा. एप्रिल 2015 ला देशात युद्ध पेटल्यावर अल-कायदाने ते शहर घेतलं, बँक लुटली आणि वर्षभर तिथून कारभार केला. त्यांनी शहर जिंकलं म्हणण्यापेक्षा तिथलं सरकारच नाहीसं झालं होतं. मूळ कारण एका शब्दात सांगायचं तर मी गरिबी किंवा धर्म म्हणणार नाही, कोसळलेलं सरकार म्हणेन.

चौकट_राजा_नाही:

सगळे 2010 मध्येच अडकलेत. जुलै 2024 बघा. लिथुआनियातल्या व्हिल्नियसहून पाठवलेली पार्सलं जर्मनीत लाइपझिगला, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आणि वॉर्साजवळ पेटली. मसाज करायच्या उशांमध्ये आग लावणारं साहित्य. लाइपझिगचं पार्सल जमिनीवरच पेटलं, कारण विमानाला उशीर झाला होता. हवेत पेटलं असतं तर विमान पडलं असतं, असं जर्मनीच्या अंतर्गत गुप्तचर खात्याच्या प्रमुखाने संसदेत सांगितलं. लिथुआनियाचे सरकारी वकील याचा धागा रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याशी जोडतात, रशिया नाकारतो. यात वापरलेली माणसं पैशासाठी, टेलिग्रामवरून गाठलेली. ना विचारधारा, ना सूड. इथे कुठली मुळं खणणार?

सहारचा_माणूस:

हेच मला म्हणायचं होतं. पाठवणारा बदलतो, कारण बदलतं, खोकं तेच राहतं. 2017 ला सिडनीच्या कटात आयसिसने बॉम्बचे भाग तुर्कस्तानहून एअर कार्गोनेच ऑस्ट्रेलियात पोचवले होते. लाइपझिगला तर नशिबाने वाचलो.

आणि धोका फक्त बॉम्बचा नाही हेही लक्षात घ्या. सप्टेंबर 2010 ला दुबईत यूपीएसचं मालवाहू विमान पडलं, दोन्ही वैमानिक गेले. अल-कायदाने ते आपल्या नावावर घेतलं. चौकशीत स्फोटाचा पुरावा नाही, आग लागली ती लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालात. त्यातल्या काही धोकादायक माल म्हणून जाहीरच केलेल्या नव्हत्या. कागदावर खरं लिहा, खोकं उघडून बघा, हे दोन्ही धोक्यांवरचं एकच औषध आहे. आमच्याकडेही "हाउसहोल्ड गुड्स" लिहून काय काय येतं ते मी रोज बघतो.

सांगावा:

2024 चा मुद्दा वजनदार आहे. तिथे राग नव्हता, पैसा होता. पण पैशासाठी परक्या माणसाचं खोकं पुढे द्यायला माणसं टेलिग्रामवर इतक्या सहज मिळतात, हेही कुठून तरी उगवतंच. आणि तिथेही तपास पुढे सरकला तो मशीनवर नाही, पकडलेल्या माणसांच्या जबाबांवर आणि चार-पाच देशांच्या पोलिसांनी एकमेकांना दिलेल्या माहितीवर.

अपर्णाताई, शिहरीचं उदाहरण मी नाकारत नाही. पण केंद्र बंद केलं असतं तर शिहरी थांबला नसता, तो येमेनलाच जाणार होता. अल-फैफीला मात्र परत यायला दार उरलं नसतं.

अपर्णा_ठाणे:

शिहरी थांबला नसता हे तुम्ही कशावरून म्हणता? तो सौदीत बंदिवान असता तर येमेनला गेला कसा असता? दार उघडं ठेवा, माझी ना नाही. पण सुटलेल्या माणसावर पुढची कित्येक वर्षं नजर ठेवायची जबाबदारी सोडणाऱ्या सरकारची, आणि तो निसटला तर उत्तर त्यांनी द्यायचं. सौदीने शिहरीबद्दल हे उत्तर कोणाला दिलं?

खाडीपार:

कोणालाच नाही. आणि अल-मजलाच्या 21 मुलांबद्दलही कोणी दिलं नाही. माझ्यासाठी हे दोन प्रश्न एकाच कागदावर आहेत.