मदत हवी आहे: चार दिवस सुट्टी, समुद्र हवाय. डियानी की झांझिबार?

उनाड_पाखरू: मोशीला शाळेत शिकवतोय, स्वयंसेवक म्हणून. चार दिवस सुट्टी लागून आलीय. सोबतचे दोन जर्मन डियानीला निघालेत, म्हणतात बॉर्डर तासाभरावर आहे. बाकीचे झांझिबार म्हणतात. बजेट तुटपुंजं. रात्रीपर्यंत हो-नाही कळवायचंय. गूगल करून झालंय, ते सांगू नका.

भोसरीकर: मोशीहून तासाभरात चाकण गाठता येत नाही, बॉर्डर कुठली काढलीस?

उनाड_पाखरू: अहो टांझानियातली मोशी! किलिमांजारोच्या पायथ्याची. केनियातलं डियानी म्हटल्यावर कळायला हवं होतं.

रेवा७: झांझिबार, डोळे मिटून. आम्ही हनिमूनला गेलो होतो. नुंग्वीला राहा, पांढरी वाळू, निळं पाणी. पाजेला जाऊ नका, ओहोटीला समुद्र इतका आत जातो की चालून चालून पाय दुखतात, वर सी अर्चिनचे काटे.

वाळूचा_किल्ला: पाजेला नावं ठेवू नका हो. ओहोटी लागली की तिथल्या बायका समुद्री शेवाळाच्या शेतात कामाला उतरतात, ते बघण्यासारखं असतं. काइटसर्फिंगही तिथेच. नुंग्वी म्हणजे नुसती हॉटेलं.

रेवा७: चार दिवसांत माणूस पोहायला जाणार की शेती बघायला?

कुमुदताई: मुला, महिना कुठला? तुझा व्हिसा सिंगल एंट्री आहे की मल्टिपल? पिवळ्या तापाची लस घेतलीस का? हे न सांगता लोक प्रश्न कसे विचारतात कोण जाणे.

उनाड_पाखरू: ताई, महिना हाच, एप्रिल. व्हिसा संस्थेनेच काढून दिला, त्यावर सिंगल लिहिलंय. लस नाही घेतली, भारतातून थेट आलो तेव्हा कुणी विचारलं नाही.

कुमुदताई: मग डियानी विसर. बाहेर पडलास की सिंगल एंट्री संपली असं धरूनच चालायचं. केनियाला 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, लागतं, ते आधी ऑनलाइन काढायचं, आज मागून उद्या मिळेल या भरवशावर राहू नकोस. शिवाय केनियातून टांझानियात शिरताना पिवळ्या तापाचं कार्ड मागतात. लस आज टोचलीस तरी कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. जर्मनांकडे हे सगळं असेल, म्हणून ते निवांत आहेत. झांझिबार टांझानियातलंच बेट, तिथे व्हिसाचा प्रश्न नाही.

सरळमार्गी: पूर्व आफ्रिकेचा एकत्र व्हिसा निघतो ना? तो काढ.

कुमुदताई: तो केनिया, युगांडा आणि रवांडाचा. टांझानिया त्यात नाही.

सरळमार्गी: मी फक्त सुचवलं.

मेळघाट_मित्र: एक विचारू? शिकवायला टांझानियाच का? धारणीकडे शिक्षक नाहीत, तिकडे कुणी फिरकत नाही. सेल्फी मात्र आफ्रिकेतल्या पोरांबरोबर.

उनाड_पाखरू: दादा, वेगळा धागा काढा. मला रात्रीपर्यंत उत्तर हवंय.

वाळूचा_किल्ला: एप्रिल म्हणजे मसिका, त्यांचा मोठा पावसाळा. झांझिबारची बरीच हॉटेलं एप्रिल-मेमध्ये बंद असतात. उघडी असतात ती स्वस्त मिळतात, तेवढंच. परदेशी पाहुण्याला ऑक्टोबर 2024 पासून तिथला 44 डॉलरचा विमा सक्तीचा आहे, तो बजेटमध्ये धर. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नकोस, 2019 पासून देशभर बंदी आहे.

रेवा७: हे आधी कुणीच कसं बोललं नाही! आम्ही जानेवारीत गेलो होतो.

किरण_मुलुंड: कसं जायचं ते बोला. बसने दार-एस-सलाम म्हणजे अख्खा दिवस, मग दोन तासांची फेरी. यायला-जायलाच सुट्टी संपेल. किलिमांजारो विमानतळावरून थेट विमान घे.

उनाड_पाखरू: बजेट तुटपुंजं लिहिलंय वर.

डॉ_सुहास: मलेरियाची गोळी कुठली चालू आहे? डॉक्सी असेल तर बीचवर उघडं पडू नका, कातडी भाजून निघते. आणि बेटावर मलेरिया कमी म्हणून गोळी मध्येच सोडू नका.

भोसरीकर: झांझिबारच्या स्टोन टाउनला गेलास तर क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचं घर बघ. 1946 मध्ये तिथे जन्मला, शाळेला आपल्या पाचगणीत. आमचा मामा त्याच शाळेत होता.

रेवा७: त्याच्या वर्गात?

भोसरीकर: नाही, बराच नंतर. पण शाळा तीच.

जुनी_वही: कुणीच सुचवलं नाही म्हणून लिहितो. पंगानी, टांझानियाच्याच किनाऱ्यावरचं गाव. मोशीहून बसने टांगा शहर, तिथून दुसरी गाडी. सगळा रस्ताच, फेरी नको, विमान नको, बेटाचा विमा नको. नदी ओलांडून दक्षिणेला उशोंगोचा किनारा आहे, गर्दी नसते. पाऊस तिथेही लागेल आणि नुंग्वीचा निळा रंग मिळणार नाही. 1888 चा अबुशिरीचा तेव्हाच्या जर्मन सत्तेविरुद्धचा उठाव याच गावातून पेटला, सोबत्यांना जरूर सांग.

उनाड_पाखरू: हे जमण्यासारखं वाटतंय. टांग्याहून गाडी संध्याकाळीही मिळते का?

जुनी_वही: संध्याकाळच्या भरवशावर राहू नकोस. मोशीतून पहाटेची बस धर. आणि पावसात तो पंगानीचा रस्ता चालू आहे का, ते स्टँडवर विचारून मगच जर्मनांना नाही म्हण.

सरळमार्गी: तारकर्ली करा ना, सगळं शाकाहारी मिळतं.