प्रोसेसरच्या सॉकेटात पेस्ट लागली, आता १६ ऐवजी ८ जीबीच रॅम दिसते

कृष्णाकाठ:
मिरजेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं. मशीन २०१८ चं: आय५-८४०० प्रोसेसर, बी३६० चा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम. महिनाभर पंखा भणाणत होता म्हणून रविवारी हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) काढून त्याच्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट पुसली. प्रोसेसरही बाहेर काढला. परत बसवताना तो बोटांतून निसटला आणि कोपऱ्यावर सॉकेटात (बोर्डवर प्रोसेसर बसवायची पिनांची जागा) आपटला. कडेची पेस्ट पिनांना लागली. घाबरून मी कान कोरायच्या कापसाच्या काडीने पुसायला गेले, तर कापसाचा तंतू पिनांत अडकला. तो ओढून काढला.

आता मशीन सुरू होतं, पण ८ जीबीच दाखवतं. रॅम अदलाबदल करून पाहिल्या. दोन्ही चांगल्या आहेत, पण दुसऱ्या स्लॉटमध्ये कुठलीच दिसत नाही. एका दुरुस्तीवाल्याने सॉकेट न उघडताच "बोर्ड गेला, नवीन मशीन घ्या" म्हणून सांगितलं. त्याचा मला फार राग आला. सॉकेट घरी साफ होतं का? लग्नसराई तोंडावर आहे.

चिमटा_आणि_भिंग:
ताई, तुमचा बोर्ड गेलेला नाही. गेला असता तर ८ जीबीवरही उठला नसता. बोर्डवर दोनच स्लॉट असतील तर एक स्लॉट म्हणजे एक चॅनल (रॅम ते प्रोसेसर अशी स्वतंत्र वाट), आणि रॅमच्या तारा सॉकेटाच्या पिनांमधून थेट प्रोसेसरला जातात. त्यातली एक पिन टेकली नाही तरी अख्खा स्लॉट मुका होऊ शकतो. तुमच्या सॉकेटात ११५१ पिना आहेत. पुष्कळशा वीज आणि ग्राउंडच्या असतात, त्यातली एखादी टेकली नाही तर बऱ्याचदा कळतही नाही. रॅमच्या पिनेला मात्र दुसरी जोडीदार नसते.

मशीन आता अजिबात सुरू करू नका. वाकलेली पिन शेजारणीला चिकटली असेल तर वीज लागताच नुकसान वाढेल. वायर काढा, बोर्डवरचा सेल काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग कामाला बसा.

पेस्टची फार धास्ती घेऊ नका. नेहमीची पांढरी-करडी पेस्ट वीज वाहून नेत नाही, फक्त पिन आणि प्रोसेसर यांच्यामध्ये थर धरते. (लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातूची पेस्ट असती तर गोष्ट वेगळी होती, ती वीज वाहून नेते.) ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मेडिकलमधलं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. बोर्ड तिरका धरून ड्रॉपरने वरून अल्कोहोल सोडा, पेस्ट सुटून खाली वाहू द्या. खालच्या कडेला कापड धरा, पण ते पिनांना टेकवू नका. तीन-चार वेळा करा. कापूस आणि टिश्यू तर लांबच ठेवा. प्रोसेसरच्या पोटावरचे सोनेरी ठिपकेही पुसा, कधीकधी दोष तिथेच असतो. मग सगळं तासभर वाळू द्या.

आता खरं काम. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग मिळवा. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आडवा धरा, मग दुसऱ्या बाजूने. पिना उसाच्या सऱ्यांसारख्या एका ओळीत चमकतील. ज्या पिनेची चमक ओळीतून हटलेली दिसेल, ती तुमची. तंतू ओढला तिथूनच बघायला सुरुवात करा.

ती उभी करायची नाही. या पिना मुळातच तिरप्या, स्प्रिंगसारख्या असतात. शेजारणीएवढीच तिरपी, तेवढ्याच उंचीची आणायची. बारीक सुईचं टोक तिच्या वाकाखाली घाला, केसभर हलवा, थांबा, भिंगातून बघा, मग पुन्हा केसभर. मागे-पुढे करत बसाल तर तुटेल. मी पुण्यात पंधरा वर्षं हे काम करतोय. घाईने वाकवलेली पिन दुसऱ्यांदा वाकवताना हातात आलेली पाहिली आहे, आणि त्या वेळी फार वाईट वाटतं.

रात्रपाळी:
ज्यांच्याकडे एएमडीच्या एएम४ सॉकेटचं मशीन आहे त्यांच्यासाठी लिहितो. तिथे पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. माझा प्रोसेसर हीटसिंकला चिकटून, सॉकेटचा खटका बंद असतानाच वर आला आणि कडेच्या चार पिना झोपल्या. ०.५ च्या पेन्सिलीतून शिसं काढून तिचं पोकळ टोक पिनेवर घातलं आणि एकेक उचलली. तेव्हापासून हीटसिंक काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवतो, म्हणजे पेस्ट मऊ पडते. मग बंद करून हीटसिंक हलकेच पिळून सोडवतो.

कृष्णाकाठ:
दादा, सापडली! सराफाकडून भिंग आणलं. आडव्या उजेडात कडेपासून तिसऱ्या ओळीत एक पिन शेजारणीवर रेललेली होती आणि तिच्या मानेला कापसाचा पांढरा धागा गुंडाळलेला होता. आधी धागा चिमट्याने सोडवला, मग सुईने पिन उचलली. चाळीस मिनिटं लागली. पण ती अजून जराशी बुटकी वाटते. आणखी उचलू का?

चिमटा_आणि_भिंग:
नको. आधी लावून बघा. प्रोसेसर बसवताना दोन्ही कडांच्या खाचा जुळवा, सरळ खाली ठेवा, अजिबात सरकवू नका. हीटसिंकचे चार कोपरे समोरासमोरचे एकेक करून दाबा. एकीकडे जास्त दाब पडला तरी कधीकधी एक चॅनल जातो.

कृष्णाकाठ:
दोन्ही स्लॉट लागले, १६ जीबी दाखवतंय. रात्रभर रॅमची टेस्ट लावून ठेवली होती, सकाळपर्यंत एकही चूक नाही. पंखाही शांत आहे. आज तीन पत्रिकांची प्रुफं गिऱ्हाइकांना पाठवली. दादा, तुमचे मनापासून आभार. बोर्डच्या खोक्यात सॉकेटचं काळं प्लॅस्टिकचं झाकण सापडलं, ते आता टेबलाच्या खणात भिंगाशेजारी ठेवलंय.