अनुभव धागा : किनाऱ्यावर अडकलेला डॉल्फिन दिसला, तेव्हा कोणाला आणि काय कळवले?

समुद्र सोलापूरपासून दूर असला, तरी दिवाळीच्या सुट्टीत आणि शाळांच्या सहलींत आपण कोकण गाठतोच. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले होते, ते अनेकांना आठवत असेल. असा प्राणी आढळल्यावर तुम्ही खबर कशी दिली आणि पुढे काय घडले, ते कृपया सविस्तर लिहावे.

शिक्षिका, होटगी रस्ता
दापोली तालुक्यातील एका किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी आम्हांला जिवंत डॉल्फिन दिसला. त्याच्या डोक्यावरचे श्वासरंध्र फुस्स करून उघडे आणि लगेच मिटे. दोन श्वासांत इतका वेळ जाई, की मुली रडवेल्या होत. लोक बादल्या घेऊन धावले, तेव्हा एका मच्छीमार काकांनी त्यांना थोपवले, कारण डॉल्फिन आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्या छिद्रात पाणी गेले तर गुदमरतो. मुलींचे सोलापुरी टॉवेल भिजवून, छिद्र मोकळे ठेवून, ते त्याच्या पाठीवर पसरले. मी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर गाव, जवळची खूण, प्राणी जिवंत असल्याचे आणि शेपटीपाशी जाळ्याचा दोरा रुतल्याचे सांगितले. पलीकडून भरतीची वेळ विचारली गेली आणि शेपटीला धरून ओढू नका, असे बजावण्यात आले. पथकाने दोरा कापून भरतीच्या पाण्यात त्याला आधार दिला. तो पोहू लागला, तेव्हा किनाऱ्यावर कोणीही ओरडले नाही, याचे मला फार समाधान वाटते.

परिचारिका, अशोक चौक
एक विनंती : उघड्या हातांनी स्पर्श करू नये आणि त्याच्या उच्छ्वासासमोर तोंड नेऊ नये. आजारी सस्तन प्राण्याचे काही संसर्ग माणसाला होऊ शकतात.

शेतकरी, नान्नज परिसर
माझा अनुभव काळविटाचा आहे, पण क्रमांक तोच. कठडा नसलेल्या विहिरीत ते पडले होते. पाण्याची पातळी आणि विहिरीपर्यंत गाडी येते का, हे मी फोनवरच सांगितल्यामुळे माणसे जाळी व दोर घेऊनच आली. काळवीट भीतीनेही दगावते, म्हणून वर काढताच त्याच्या डोळ्यांवर कापड टाकले आणि जमलेल्या गर्दीला आम्ही बांधापलीकडे नेले.

निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर
आम्हांला मृत डॉल्फिन आढळला होता. एका कार्यालयात "मेलेल्याचे काय कळवायचे?" असे उत्तर मिळाले, त्याचे मला आजही वाईट वाटते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील हा प्राणी आहे, शिवाय अंगावरचे जाळ्याचे वळ आणि पोटातील प्लास्टिक यांवरूनच मृत्यूचे कारण शोधता येते. मी शेजारी छत्री ठेवून संपूर्ण लांबीचे, डोक्याचे आणि जखमांचे फोटो काढले आणि ठिकाणासह वनकर्मचाऱ्यांना पाठवले. ते आले, त्यांनी मोजमाप घेतले, पशुवैद्यांनी नमुने काढले आणि त्यानंतरच त्याला पुरले.